ताई लिहीत आहे

११ जानेवारी

आज सकाळी ताईचा आवाज काढला.

झालं ते असंच आहे, म्हणून असंच लिहितो. गळ्यातली गाठ स्वरयंत्रासकट काढावी लागली. मानेच्या खालच्या बाजूला एक भोक ठेवलंय, आता श्वास तिथून. भावोजींचा फोन आला तेव्हा मी काम करत बसलो होतो. "सगळं नीट झालं," ते म्हणाले. मग जरा थांबून, "आता ती बोलणार नाही, एवढंच."

एवढंच!

ताईचं शिवणाचं दुकान आहे. गिऱ्हाईक रस्त्याच्या पलीकडे दिसलं तरी इकडून ओरडणार, "अहो, बाह्या आखूड करून ठेवल्यात, घालून तरी बघा!" दर रविवारी तिचा फोन यायचा. मी तो स्पीकरवर टाकून भांडी घासायचो आणि मधूनमधून "हं" म्हणायचो. ती मला लहानपणापासून घुम्या म्हणते. दोघांच्या वाटचं बोलणं तीच उरकायची, त्यामुळे माझं कधी अडलं नाही.

कंपनीत कोणाला सांगितलं नाही. घरून काम असल्यामुळे तोंड दाखवावं लागत नाही, हे एक बरं आहे.

३ फेब्रुवारी

ताई घरी आली. फोनवर मेसेज करते. म्हणजे काय करते? मी विचारतो, "कशी आहेस?" मग पडद्यावर किती तरी वेळ "ताई लिहीत आहे", "ताई लिहीत आहे" असं दिसत राहतं. मी चहा करून येतो, तरी लिहितेच आहे. शेवटी येतं, "बरी."

एवढा वेळ ती काय लिहीत होती?

व्हिडिओ कॉल लावला तर तिने कॅमेरा छताकडे फिरवला. मी पंखा बघत बसलो. भावोजी बाजूने म्हणाले, "तिला नको वाटतं रे, गळा दिसतो." ताईनेच कधी काळी निवडलेला पंखा आहे तो. मला तर तोही बरा वाटला.

७ फेब्रुवारी

एक सुचलंय.

ऑफिसात माझं काम हेच आहे. वेगवेगळ्या दुकानांच्या वेबसाइटवर कोपऱ्यात जी बोलायची चौकट असते ना, ती माझी. पूर्वी ग्राहकाचं पान सर्व्हरला सारखं विचारत राहायचं, काही आलं का, काही आलं का. उत्तर बहुतेक वेळा "नाही" असंच. आता तसं नाही. एकदा जोडणी झाली की ती उघडीच राहते, आणि दोघांपैकी कोणीही केव्हाही बोलायला मोकळं. ग्राहक लिहीत असतानाही सर्व्हर त्याला सांगू शकतो. दोन्हीकडून, एकाच वेळी.

मग मेसेज पूर्ण होऊन पाठवण्याची वाट का बघायची? ताईने एक अक्षर दाबलं की ते तेव्हाच माझ्याकडे उमटावं. माझं तिच्याकडे. पाठवायचं बटणच नको. माणसं बोलताना बटण दाबतात का? ताईला मधेच तोडायची सवय आहे. मेसेजमध्ये तोडता येत नाही, म्हणून ती गप्प झाली आहे. माझा तरी असा अंदाज आहे.

वर तिची चौकट, खाली माझी. बाकी काही नको.

११ फेब्रुवारी

पान चालायला लागलं. तपासायला दुसरं माणूस हवं होतं, ते नव्हतं. म्हणून टेबलावर दोन खिडक्या शेजारी शेजारी उघडल्या. डावीकडे मी, उजवीकडे ताईच्या जागी मीच. डावीकडून विचारलं, "कसा आहेस?" उजवीकडे उमटलं. उजवीकडून लिहिलं, "मजेत, तू?" डावीकडे उमटलं. मग जोडाक्षरं. 'त' येतो, त्याचा पाय मोडतो, मग 'य' येऊन बिलगतो आणि 'त्य' होतो. हे सगळं दुसऱ्या खिडकीत घडताना दिसतं. खोडणंही तपासलं. इकडे खोडलं की तिकडेही एकेक अक्षर मागे जातं. अगदी बरोबर.

मग तपासायचं असं काही उरलं नव्हतं, तरी बराच वेळ दोन्हीकडून लिहीत बसलो. डावीकडच्याने उजवीकडच्याला एक विनोद सांगितला. जुनाच होता.

१४ फेब्रुवारी

भावोजींनी ताईसमोर लॅपटॉप ठेवून पान उघडून दिलं. वरच्या चौकटीत पहिल्यांदा आलं "अ". मग "अग". मग ते मागे गेलं आणि आलं "अरे".

अरे हे काय आहे

मी लिहायला लागलो, "हे पान मी तुझ्यासाठी केलंय, यात आपण जे लि"

मधेच वर उमटलं: हो हो कळलं. दाढी केलीस का?

मधेच! माझं वाक्य अर्ध्यात लटकत होतं आणि ती पुढे गेली होती. मला इतका आनंद झाला की मी उठून खोलीत एक चक्कर मारून आलो. परत बघतो तर वर: कुठे गेलास. ए घुम्या. तोंडाने बोलत नव्हतास तो नव्हतास, आता हातानेही नाही का

दुपारभर बोललो. दुकान तिची मदतनीस सांभाळते, तिचे काज वाकडे येतात. भावोजी स्वयंपाक शिकताहेत आणि रोज नवं भांडं जाळताहेत. ताईने लिहिलं, "ओरडता येत नाही म्हणून नुसती बघत बसते, त्यांना वाटतं आवडलं."

१९ फेब्रुवारी

जोडणी मधेच तुटते. दोष माझा नाही. मधली यंत्रं थोडा वेळ हालचाल दिसली नाही की जोडणी सोडून देतात, त्यांना वाटतं दोन्हीकडे कोणी नाही. उपाय साधा आहे. सर्व्हरने अधूनमधून एक रिकामी हाक मारायची, पलीकडच्या पानाने आपोआप ओ द्यायची. ताईला यातलं काही दिसत नाही, तिला काही करावंही लागत नाही.

आणि तरीही तुटलीच, तर तिच्या पानावर पाटी येईल: "जोडणी तुटली, पुन्हा प्रयत्न करत आहे."

सर्व्हरवरच्या नोंदी उघडून बघत बसलो. हाक, ओ. हाक, ओ. जेवतानाही ती खिडकी समोर राहू दिली. लक्ष ठेवायला लागतं, नवीन काम आहे.

२६ फेब्रुवारी

आता पान सकाळपासून उघडं असतं. ती तिच्या कामात, मी माझ्या. मधेच एखादं वाक्य. ती शिवायला बसते तेव्हा लॅपटॉप शेजारच्या टेबलावर असतो, असं भावोजी म्हणाले.

एक गोष्ट मात्र लक्षात आली आहे आणि ती ताईला सांगितलेली नाही. ती जे लिहून खोडते ते मला दिसतं. काल लिहिलं, "मला भीती वा", आणि खोडून लिहिलं, "मला भाजी निवडायची आहे." तिच्या ध्यानात आलेलं दिसत नाही. सांगावं का? सांगितलं तर ती खोडायचीही बंद होईल, म्हणजे लिहायचीच बंद होईल. हे बरोबर नाही हे कळतं. पण बंद करवत नाही. निदान कोणाला तरी तिची भीती माहीत असावी.

५ मार्च

आज तिने लिहिलं, "किती एकटा". थांबली. खोडलं. मग, "किती वाजता जेवलास?"

एकटी लिहायचं असणार, घाईत वेलांटीऐवजी काना पडला. भावोजी दिवसभर घरात, मदतनीस येते-जाते, शेजारच्या बायका येतात, तरी आवाज नसला की माणूस एकटं पडतंच. मी ठरवलं की आता तिला जास्त वेळ द्यायचा. आमच्या टीमच्या प्रमुख बाईंनी सगळ्यांना जेवायला बोलावलं होतं, त्यांना जमणार नाही म्हणून कळवलं.

१२ मार्च

दोन दिवस ताप आहे. ताईला कशाला सांगायचं, तिचंच तिला पुरे झालंय. लिहायला लागलो होतो, "ताप आहे, घरात गोळीसुद्धा", पण भानावर येऊन झटकन खोडलं आणि लिहिलं, "आज काम फार आहे."

वर लगेच: गोळी आण आधी. आणि कपाळावर ओलं फडकं ठेव.

कमाल आहे! म्हटलं, "तुला कसं कळलं?" ती म्हणाली, "तुझं लिहिणं अडखळतंय." बहिणीला कळतं, हेच खरं. अक्षरांच्या वेगावरूनसुद्धा कळतं. जाऊन गोळी आणली.

२० मार्च

असं बरेचदा होतं हल्ली. परवा मी लिहून खोडलं होतं, "आज दिवसभर कोणाशी". थोड्या वेळाने ताई, "खाली जाऊन जरा पाय मोकळे करून ये. मी आहे इथे, पळून जात नाही." गेलो. बागेत बाकावर बसलो. एक म्हातारे गृहस्थ शेजारी येऊन बसले आणि म्हणाले, "हवा छान आहे." मी मान हलवली. ते थोडा वेळ बसले आणि दुसऱ्या बाकावर गेले.

३० मार्च

भावोजींनी फोन केला. दारामागून बोलतायत असा आवाज. "ती आवाजाच्या बाईंकडे जात नाही, तुला बोलली का?"

मी म्हटलं, "कोण बाई?"

त्या बोलायला शिकवतात. गळ्याला बाहेरून लावायचं एक यंत्र असतं, ते घुं घुं करतं, आणि ओठ-जीभ हलवली की त्या घुं घुंचे शब्द होतात. यंत्र आणलंय. ते कपाटात पडून आहे. "बाई म्हणतात, रोज सराव हवा. ही म्हणते, उद्या. दिवसभर त्या पानासमोर. मी काही म्हटलं की पाटीवर लिहून दाखवते, 'तो एकटा बसलाय तिथे.'"

मी म्हटलं, "तो कोण?"

भावोजींनी ते टाळलं. मग म्हणाले, "तू जरा समजव तिला. तुझं ऐकेल."

राग आला. पान नव्हतं तेव्हा ताई महिनाभर "बरी" यापलीकडे बोलत नव्हती, ते विसरले का? आणि तो यंत्राचा आवाज मी इंटरनेटवर ऐकला. तिला लाज वाटत असेल तर तिचं काय चुकलं? पानावर तिचा स्वतःचा आवाज आहे. मला तो ऐकू येतो.

२ एप्रिल

समजवायला बसलो. मनापासून नव्हे.

लिहिलं, "त्या बाईंकडे जात जा."

ताई: तुझ्या भावोजींनी चहाडी केली वाटतं

मी लिहिलं, "पण मग तू पानावर यायची बंद होशील", आणि ते लगेच खोडलं. खोडून लिहिलं, "ते तुझ्या भल्यासाठीच सांगतात."

मग एकेक अक्षर, नेहमीपेक्षा सावकाश:

बंद नाही होणार रे. कमी येईन

मी बघत राहिलो. हे तर मी तिला म्हटलंच नव्हतं.

मग आलं: घुम्या, मला सगळं दिसतं. तू खोडतोस ते. पहिल्या दिवसापासून

मी कीबोर्डवरून हात उचलले.

तुला वाटलं तुलाच दिसतं?

मी लॅपटॉप मिटला.

३ एप्रिल

दोन खिडक्या शेजारी ठेवून खोडणं मीच तपासलं होतं. "अगदी बरोबर" असं मीच लिहून ठेवलंय. दोन्हीकडून जातं म्हणजे दोन्हीकडून जातं, यात न कळण्यासारखं काय होतं? मी वेगाने खोडतो, ताईची नजर मशीनवर असते, असलं काहीतरी धरून चाललो होतो. पोटासाठी हेच काम करतो मी.

काय काय खोडलं होतं ते आठवत बसलो. आठवलं तेवढं पुरे आहे. अर्धी वाक्यं तर मी स्वतःलाही पूर्ण करू दिली नव्हती. ती सगळी तिकडे पोचलेली.

आणि त्या दिवशी काना चुकला नव्हता.

सर्व्हर बंद केला.

८ एप्रिल

कोणाशी बोललो नाही. कामाचं सगळं लिहूनच असतं, त्यामुळे खंड पडला असं कोणाला जाणवणार नाही. ताईचा फोनवर मेसेज आला, "?" मी उत्तर दिलं नाही. काय देणार? लाज वाटते आणि रागही येतो, आणि राग नेमका कोणावर ते कळत नाही. ती इतके दिवस गप्प राहून वाचत होती. मीही तेच करत होतो. मग मी चिडलोय कशावर?

तिला माझी कीव आली असेल. हे सगळ्यात लागतं. मी तिला सांभाळतोय अशा थाटात होतो.

१० एप्रिल

भावोजींचा फोन. "तुझं पान बिघडलंय का?"

"का?"

"अरे, तिच्याकडे सारखं येतंय, जोडणी तुटली, पुन्हा प्रयत्न करत आहे. मी म्हटलं बंद कर, नंतर बघू. नाही म्हणते. ते तसंच समोर ठेवून कापड कापते. आज एक अख्खी बाही उलटी कापली."

ती पाटी तिच्या पानावर मीच लावली होती. इकडे सर्व्हर मी स्वतः बंद केलेला, आणि तिकडे तिचं पान प्रयत्न करतंय, पुन्हा करतंय.

सर्व्हर चालू केला. क्षणात जोडणी लागली. वर आलं:

आलास

मी लिहिलं, "हो." खोडण्यासारखं काही नव्हतं.

मग ती लिहायला लागली आणि मी पहिल्यांदाच मधे काही न लिहिता सगळं वाचलं. "मला त्या यंत्राची लाज वाटते. बाईंसमोर 'आई' म्हणून बघितलं तर डबा घासल्यासारखा आवाज आला. मला रडायला आलं, पण रडण्याचाही आवाज येत नाही आता. मग तुझं पान होतं. म्हटलं इथे बरं आहे. आणि तू एकटा होतास, तेही निमित्त झालं. खरं सांगू? तुझ्यासाठी बसते म्हणायचं आणि स्वतः लपायचं."

मी लिहिलं, "मीही."

ती: माहितेय. वाचलंय

हसू आलं. खोलीत एकटा मोठ्याने हसलो आणि माझाच आवाज मला परका वाटला.

मग ताईने तिच्या पद्धतीने निकाल लावला. "मी रोज बाईंकडे जाऊन तोंड उघडणार. तूही रोज एका माणसाशी बोलायचं. तोंडाने. मान हलवलेली चालणार नाही. संध्याकाळी पानावर हिशोब द्यायचा. बाकी दिवसभर पान बंद."

"दिवसभर बंद?" मी लिहिलं, आणि खोडलं नाही.

ती: दिवसभर

१३ एप्रिल

केस कापायला गेलो. सात वर्षं याच सलूनमध्ये जातो. खुर्चीत बसायचं, बोटाने दाखवायचं, पैसे द्यायचे. आज आरशात बघून म्हटलं, "मागून जरा कमी करा. आणि धंदा कसा चाललाय?"

कात्री थांबली. सलूनवाला पुढे येऊन माझ्या तोंडाकडे बघायला लागला. "तुम्ही बोलता?"

"हो."

"नाही, म्हणजे..." तो ओशाळला. "आम्हाला वाटायचं तुम्हाला येत नाही. म्हणून मीही कधी काही विचारलं नाही. उगाच वाईट वाटेल तुम्हाला."

आणि मग सात वर्षांचं साठलेलं बोलला. मुलीचं लग्न, गुडघा, समोरचं नवं सलून, तिथला संगीताचा धुडगूस. मला "हं" म्हणायचीही फुरसत नव्हती. केस जरा जास्तच कमी झाले.

संध्याकाळी ताईला हिशोब दिला. ती बराच वेळ फक्त "हहहहह" लिहीत राहिली.

२१ एप्रिल

आज बोलायला कोणी सापडलं नाही. सापडलं नाही म्हणजे धीर झाला नाही. पान बंद असलं की खोली फार मोठी वाटते. सर्व्हर चालू आहे, पण पलीकडे कोणी जोडलेलं नाही, त्यामुळे तो हाक तरी कोणाला मारणार? नोंदींची खिडकी रिकामी.

ताईला खरं ते सांगितलं. ती म्हणाली, तिलाही आज जमलं नाही. बाईंसमोर "पाणी" म्हटलं आणि बाईंनी विचारलं, "राणी?"

६ मे

ताई तीन दिवस पानावर आली नाही. मी विचारलं नाही. बागेतले ते म्हातारे गृहस्थ भेटले. मीच म्हटलं, "हवा छान आहे." आभाळ भरून आलं होतं. त्यांनी वर बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि म्हणाले, "असेल बुवा." पण बाक बदलला नाही.

१० मे

दुपारी फोन वाजला. अनोळखी नंबर. उचलला तर पलीकडे घुं घुं असा सपाट आवाज, चढ नाही, उतार नाही. मला वाटलं कुठल्या तरी कंपनीची यंत्रावरची जाहिरात. कापायला बोट नेलं.

"घु. म्या."

मी खाली बसलो. खुर्ची जरा बाजूला होती, त्यामुळे जमिनीवरच बसलो.

"ता. ई. बो. ल. ते." मग दम घेण्याचा आवाज, तोही वेगळ्याच ठिकाणाहून आल्यासारखा. "भा. वो. जीं. चा. न. वा. फो. न."

तिचा आवाज नव्हताच तो. मी त्यात शोधत होतो, नव्हता. पण "भावोजींचा नवा फोन" यातला टोमणा, भावोजींनी तिला न विचारता फोन आणल्याचा, तो तिचाच होता. मला खूप काही बोलायचं होतं. कसंबसं म्हटलं, "ताई, ऐकतोय मी. छान येतंय. सगळं कळतंय."

मग ते यंत्र पुन्हा घुरघुरलं.

"का. य?"

"छान येतंय म्हटलं."

"ऐ. कू. ये. त. ना. ही. मो. ठ्या. ने. बो. ल."

उठलो, खिडकीपाशी गेलो, घसा खाकरला, आणि जीव खाऊन ओरडलो, "आता येतंय का?"

शेजारच्या बिऱ्हाडातून कोणीतरी भिंतीवर दणादण हात मारले.

ताई म्हणाली, "आ. ता. ये. तं. य."